घोरणाऱ्याला खरोखर गाढ झोप लागते का?

घोरणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे दोनच भावना असतात. एक हेव्याची आणि दुसरी चेष्टेची. ‘पाठ टेकली की लागला घोरायला, याच्यासारखा सुखी कोण?’ असे म्हणणारे एकीकडे आणि लग्नाच्या वऱ्हाडात त्याच्या शेजारची गादी कोणी घ्यायची यावरून हसणारे दुसरीकडे. घोरणे हे आजाराचे लक्षण असू शकते आणि त्यासाठी डॉक्टरकडे जावे, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. खरे सांगायचे तर माझ्याही मनात बरीच वर्षे आले नव्हते. आमच्या एम.बी.बी.एस.च्या दिवसांत झोपेच्या आजारांवर एखादे व्याख्यान झाल्याचे मला आठवत नाही. जे शिकलो ते एका रुग्णाच्या पत्नीकडून.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) देवळाली प्रवराजवळच्या एका वस्तीवरचे पंचेचाळिशीचे गृहस्थ माझ्याकडे रक्तदाबासाठी येत. गळिताच्या हंगामात ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवायचा, एरवी घरची शेती. गळ्यात तुळशीची माळ, दारू-तंबाखूला स्पर्श नाही. तरीही रक्तदाब काही केल्या आटोक्यात येईना. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन झाल्या, तरी यंत्रावर आकडा १६०-१०० च्या आसपासच. ‘मीठ कमी करा, गोळ्या चुकवू नका’ असे मी दरवेळी बजावत असे. हे गृहस्थ गोळ्या चुकवतातच, अशी माझी मनातून खात्री झाली होती.

एका डिसेंबरात पहाटे उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन निघालेला त्यांचा ट्रॅक्टर रस्ता सोडून कॅनॉलच्या चारीत उतरला. सुदैवाने रस्त्यावर कोणी नव्हते. ऊस सांडला, पुढचा अ‍ॅक्सल गेला, यांच्या कपाळाला चार टाके पडले. गावात मात्र बोलबाला झाला की माळकरी म्हणवतो आणि पिऊन ट्रॅक्टर चालवतो. टाके काढायला आले तेव्हा माणूस खाली मान घालून बसला होता. पत्नी सोबत होत्या. सगळे आटोपल्यावर दाराशी जाऊन त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, एक विचारू का? ह्यांचं घोरणं राती मधीच बंद पडतं. येकदम. मी मोजलंय, इस-पंचवीस आकडे व्हत्यात तरी श्वास न्हाई. मंग गचका खाऊन उठल्यावानी करत्यात आन् पुन्हा घोराया लागत्यात.’’

‘‘किती दिवसांपासून, ताई?’’

‘‘धाकटी शाळंत जायाला लागली तवापसून. धा वर्सं तरी झाली असतील. मी राती हलवून हलवून श्वास चालू करते.’’

गृहस्थ म्हणाले, ‘‘हिचं काय ऐकता डॉक्टर. मला तर पडलं की झोप लागती.’’

दहा वर्षे ती माउली नवऱ्याच्या श्वासावर पहारा देत होती. त्यातली चार वर्षे ते माझे रुग्ण होते आणि मी एकदाही विचारले नव्हते. त्याहून अवघड गोष्ट अशी की वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी लागणारा डॉक्टरी दाखला त्यांना मीच दिलेला होता. त्या छापील फॉर्ममध्ये दृष्टी, रंग ओळखणे, ऐकू येणे, रातांधळेपणा, हातापायांचे व्यंग यांची विचारणा असते. घोरण्याची नसते. मीही ती केली नाही.

या आजाराचे नाव स्लीप अ‍ॅप्निया. अ‍ॅप्निया हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ श्वास नसणे. झोपेत श्वास पुनःपुन्हा थांबतो, म्हणून हे नाव. याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे घशात अडथळा आल्यामुळे होणारा, ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया. (मेंदूकडून श्वासाचा हुकूमच न सुटणे हा दुसरा, कमी आढळणारा प्रकार. त्यात आज शिरत नाही.)

अडथळा कसा येतो हे आपल्या भागातील शेतकऱ्याला समजावून सांगणे सोपे आहे. विहिरीवरच्या मोटारीला दोन पाइप असतात. पाणी बाहेर फेकणाऱ्या बाजूला, म्हणजे डिलिव्हरीला, गुंडाळी करता येणारा मऊ चपटा पाइप चालतो. पाण्याच्या दाबाने तो आपोआप फुगतो. पण पाणी ओढणाऱ्या बाजूला, म्हणजे सक्शनला, तोच पाइप लावून पाहा. ओढ बसताच तो चिकटतो आणि पाणी बंद. म्हणून सक्शनचा पाइप कडक घ्यावा लागतो. आपण श्वास आत घेतो तेव्हा छाती हवा ओढते, म्हणजे आपला घसा हा सक्शनचा पाइप असतो. मात्र तो कडक नाही. जीभ, पडजीभ, मऊ टाळू आणि दोन्ही बाजूंचे स्नायू यांनी बनलेला तो मऊ पाइप आहे. जागेपणी हे स्नायू ताठ राहून घसा उघडा ठेवतात. झोप लागली की ते सैल पडतात.

थोडा सैल पडला तर वाट अरुंद होते, हवा जाताना कडा थरथरतात आणि तोच घोरण्याचा आवाज. अधिक सैल पडला, त्यात गळ्याभोवती चरबी असली, जबडा लहान असला किंवा टॉन्सिल मोठे असले, तर वाट पूर्ण बंद होते. तेव्हा आवाजही बंद होतो. घरच्यांना वाटते, बरे झाले, थांबला एकदाचा. छाती-पोट मात्र हवेसाठी ओढ घेतच असतात आणि हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो. दहा-वीस सेकंदांनी, काहींना मिनिटभरानेही, मेंदूला धोका कळतो आणि तो माणसाला क्षणभर जागे करतो. स्नायू ताठ होतात, घसा उघडतो, मोठा गचका देऊन हवा आत शिरते. माणूस पुन्हा झोपतो आणि पुन्हा तेच. ही जाग दोन-चार सेकंदांचीच असल्याने सकाळी तिची आठवण राहत नाही. म्हणून रुग्ण अगदी प्रामाणिकपणे सांगतो, मला गाढ झोप लागते.

दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला की तो एक खंड धरतात. श्वास पूर्ण न थांबता बराच कमी होऊन प्राणवायू उतरला, तर तोही मोजतात. तासाला पाचपेक्षा कमी खंड असले तर काळजी नाही, पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर तीव्र. आमच्या या गृहस्थांची पुढे पुण्यात तपासणी झाली तेव्हा तासाला ५२ खंड निघाले आणि प्राणवायू ७१ टक्क्यांपर्यंत उतरलेला होता. सात तासांच्या झोपेचा हिशोब केला तर रात्रीतून साडेतीनशेहून जास्त वेळा कोणी तरी गळा दाबावा आणि सोडावा, असा प्रकार झाला. एवढे झाल्यावर दिवसा डुलकी आली तर नवल काय?

पहाटेच्या झोपेला आपण साखरझोप म्हणतो. स्वप्ने पडणारी झोप रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेकडे जास्त असते. या झोपेत शरीराचे स्नायू सर्वांत सैल असतात. त्यामुळे स्लीप अ‍ॅप्नियाच्या पुष्कळ रुग्णांचा श्वास नेमका साखरझोपेत जास्त वेळा आणि जास्त वेळ बंद पडतो. तीनला उठून साडेतीनला ट्रॅक्टर काढणाऱ्या माणसाची झोप मुळातच कमी, त्यात हा आजार. चारीत उतरलेल्या ट्रॅक्टरचा उलगडा मला असा झाला. ते त्या दिवशी प्यायले नव्हते, झोपले होते.

हे आपल्याकडच्या आडरस्त्यावरच घडते असे समजू नये. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात १ डिसेंबर २०१३ रोजी सकाळी एक लोकल गाडी ताशी सुमारे ४८ किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर सुमारे १३२ किलोमीटरच्या वेगाने शिरली आणि रुळावरून घसरली. चार माणसे मेली, साठाहून अधिक जखमी झाली. चालक प्यायलेला नव्हता. चौकशीत निघाले ते असे की त्याला तीव्र स्वरूपाचा स्लीप अ‍ॅप्निया होता, त्याचे निदान तोवर झालेले नव्हते, आणि दोनच आठवड्यांपूर्वी त्याची पाळी बदलून पहाटेची झाली होती. नगर-मनमाड रस्त्यावर रात्रंदिवस वाहने हाकणारे, दुधाचे टँकर पहाटे काढणारे, हंगामात दोन-दोन रात्री सलग जागणारे चालक आपल्या सगळ्यांच्या घरांत आहेत. त्यांच्यापैकी जो जोरात घोरतो आणि स्टिअरिंगवर बसून पेंगतो, त्याला चहा पाजून भागणार नाही.

आता रक्तदाबाकडे वळतो. श्वास कोंडला की शरीर घाबरते. कोणी पाठलाग करत असताना होते तशी धडधड होते, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब झपाट्याने चढतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री उतरतो. हृदयाला तेवढीच विश्रांती. या रुग्णांना ती मिळत नाही, आणि रात्रीचा हा ताण हळूहळू दिवसाही टिकून राहतो. तीन-तीन गोळ्यांना न जुमानणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णाला आता मी पहिला प्रश्न घोरण्याचा विचारतो, मिठाचा त्यानंतर. हृदयाचे ठोके अनियमित होणे, पक्षाघात, हृदय कमजोर होणे यांचाही या आजाराशी जवळचा संबंध आढळलेला आहे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते, कारण तुटक झोपेने आणि कमी प्राणवायूने इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो.

रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावे लागणे हेही याचे एक लक्षण आहे आणि फारच थोड्या लोकांना ते ठाऊक असते. घसा बंद असताना छाती जोराने ओढ घेते, त्या ओढीने हृदयाचे कप्पे ताणले जातात. हृदयाला वाटते शरीरात पाणी जास्त झाले, आणि ते मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकण्याचा निरोप देणारे संप्रेरक सोडते. परिणामी लघवी खरोखरच जास्त तयार होते. पन्नाशीच्या पुरुषाला असा त्रास झाला की सगळे प्रोस्टेटकडे बोट दाखवतात. प्रोस्टेट असू शकते, साखरही असू शकते. पण माणूस घोरणारा असेल तर हेही तपासावे. याखेरीज सकाळी डोके जड असणे, तोंडाला कोरड पडणे, चिडचिड, विसराळूपणा, लैंगिक इच्छा व क्षमता कमी होणे, या तक्रारी असतात. यातली शेवटची तक्रार घेऊन येणारा रुग्ण वेगळाच विषय काढतो आणि दहा मिनिटांनी मूळ मुद्द्यावर येतो, हे प्रत्येक फॅमिली डॉक्टरला माहीत आहे!

प्रसिद्ध संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री मुंबईत निधन झाले. ते ६९ वर्षांचे होते. त्यांच्या डॉक्टरांनी कारण सांगताना ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियाचा उल्लेख केला. छातीत वारंवार होणाऱ्या संसर्गाचाही त्यांना त्रास होता. त्यानंतरचे काही दिवस दवाखान्यात मला एकच प्रश्न विचारला जात होता, ‘‘डॉक्टर, झोपेत श्वास बंद पडून माणूस जातो का हो?’’ याचे उत्तर असे की एखाद्या वेळी श्वास थांबला आणि माणूस तिथेच गेला, असे सहसा होत नाही. मेंदू त्याला जागे करतोच. नुकसान होते ते वर्षानुवर्षे, हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या वाटेने. मात्र अशा रुग्णांत हृदय अचानक बंद पडून येणाऱ्या मृत्यूचे प्रमाण मध्यरात्र ते पहाट या वेळेत इतरांपेक्षा जास्त असते, असे अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले आहे. घाबरून रात्री जागत बसू नये, पण तपासणी पुढेही ढकलू नये.

हा श्रीमंतांचा किंवा परदेशातला आजार आहे असेही नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. शेकडा २६ पुरुष नेहमी घोरणारे निघाले आणि शेकडा साडेसात जणांना दिवसाच्या त्रासासह स्लीप अ‍ॅप्निया असल्याचा अंदाज निघाला. आजारी म्हणून आलेले नव्हे, स्वतःला धडधाकट समजणारे हे लोक होते.

जाड माणसांना हा आजार जास्त होतो हे खरे. पोटापेक्षा गळ्याचे माप इथे महत्त्वाचे. पुरुषाच्या शर्टाची कॉलर १७ इंचांच्या वर गेली किंवा स्त्रीच्या गळ्याचा घेर १६ इंचांच्या वर गेला तर शंका घ्यावी. पण आपल्या लोकांत अंगाने बेताचे असणारेही पुष्कळ रुग्ण सापडतात. हनुवटी आत गेलेली असते, जबडा लहान असतो, त्यात जिभेला जागा कमी पडते. थायरॉइड कमी असणाऱ्यांनाही हा त्रास होऊ शकतो.

स्त्रियांच्या बाबतीत निदान जास्त चुकते. पाळी जाईपर्यंत त्यांना काहीसे संरक्षण असते, पुढे प्रमाण वाढते. बाई घोरते हे सांगायला घरच्यांना लाज वाटते आणि तिला स्वतःला त्याहून जास्त. ती येते ती थकवा, डोकेदुखी, झोप नीट नसणे, उदास वाटणे अशा तक्रारी घेऊन. मग रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या जातात, टॉनिक दिले जाते, फार झाले तर ‘टेन्शन घेऊ नका’ असा सल्ला मिळतो. शिवाय नवऱ्याच्या श्वासावर बायको पहारा देते, बायकोच्या श्वासावर नवरा सहसा देत नाही. तो घोरत असतो.

लहान मुलांचे वेगळे. तोंड उघडे टाकून झोपणारे, घोरणारे, रात्रभर अंथरुणात गोल फिरणारे, मान मागे टाकून झोपणारे, मोठे झाले तरी अंथरूण ओले करणारे मूल असेल तर टॉन्सिल आणि नाकामागची अ‍ॅडिनॉइडची गाठ वाढली आहे का हे कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पाहून घ्यावे. असे मूल दिवसा पेंगण्याऐवजी उलट चळवळ्या होते, अभ्यासात मागे पडते आणि बिचाऱ्याला मार बसतो. बहुतेक मुलांना शस्त्रक्रियेने चांगला गुण येतो.

निदानाची सुरुवात शेजारी झोपणाऱ्या माणसापासून होते. म्हणून माझी विनंती आहे की घोरण्याची तक्रार असेल तर एकट्याने दवाखान्यात येऊ नये, घरच्या माणसाला बरोबर आणावे. आता प्रत्येकाकडे मोबाइल आहे. पहाटेच्या वेळी पाच-दहा मिनिटांचे चित्रण करून आणले तर डॉक्टरांना शंभर प्रश्नांची उत्तरे मिळतात, आणि ‘मी कुठे घोरतो’ म्हणणाऱ्या नवरोजींनाही.

दिवसा येणारी झोप मोजण्यासाठी ऑस्ट्रेलियातील डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये एक सोपी प्रश्नावली तयार केली. तिला एपवर्थ मापन म्हणतात. वाचताना, टीव्ही पाहताना, सभेत बसल्यावर, तासभराच्या प्रवासात शेजारच्या सीटवर, दुपारी पडल्यावर, कोणाशी बोलताना, जेवणानंतर स्वस्थ बसल्यावर आणि गाडी रस्त्यात थांबली असता, अशा आठ वेळी डुलकी लागण्याची शक्यता किती याला शून्य ते तीन गुण द्यायचे. बेरीज दहाच्या वर गेली तर झोपेची तपासणी करावी. दुपारी जेवल्यावर पडलो तर डोळा लागणे स्वाभाविक आहे. समोरचा माणूस बोलत असताना किंवा वाहन चालवत असताना डोळा लागणे स्वाभाविक नाही.

पक्के निदान स्लीप स्टडीने होते. रात्रभर झोपेत डोक्याला तारा, नाकाशी हवेची नळी, छाती-पोटाला पट्टे आणि बोटाला प्राणवायू मोजणारी क्लिप लावून नोंद घेतात. त्यात टोचणे, कापणे काही नाही. काही रुग्णांत घरीच करण्याची लहान तपासणीही पुरते. मोठ्या शहरांतील छातीविकार आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे याची चौकशी करावी. कोणती तपासणी लागेल हे आपल्या डॉक्टरांना ठरवू द्यावे.

उपचारांत आधी काय करू नये ते सांगतो. झोप नीट लागत नाही म्हणून दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून घेऊ नयेत. त्या स्नायू आणखी सैल करतात आणि मेंदूची जाग उशिरा येते. संध्याकाळच्या दारूचेही तेच. ‘थोडी घेतली की शांत झोप लागते’ हे घोरणाऱ्याच्या तोंडी सर्वांत घातक वाक्य आहे. नाकात अडकवायच्या क्लिपा, अंगठ्या, तेलाचे थेंब यांच्या जाहिराती पुष्कळ येतात. वाट घशात बंद होते, नाकात क्लिप लावून ती कशी उघडणार? फार तर आवाज थोडा कमी होईल.

वजन कमी करण्याला पर्याय नाही. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ पाहणीत वजन शेकडा दहाने उतरले तर श्वास थांबण्याचे प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने कमी होते असा हिशोब निघाला. कुशीवर झोपल्याने अनेकांना फरक पडतो, कारण उताणे झोपल्यावर जीभ मागे पडते. बंडीला पाठीकडून खिसा शिवून त्यात रबरी चेंडू ठेवायचा, म्हणजे उताणे होताच टोचतो. उपाय गावठी वाटतो, पण सौम्य आजारात उपयोगी आहे. दंतवैद्य खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे साधन बसवतात, तेही काहींना चालते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला स्थूल व्यक्तींतील मध्यम व तीव्र स्लीप अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली. ते महाग आहे, आणि तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय घेण्याची गोष्ट नाही.

मध्यम व तीव्र आजारात मुख्य उपचार म्हणजे सीपॅप नावाचे यंत्र. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिवन यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवर त्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. सुरुवातीला त्यांनी घर झाडण्याच्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी चालवून हवेचा दाब निर्माण केला होता. तत्त्व आपल्या विहिरीवरचेच. मऊ पाइप सक्शनला चिकटतो ना, मग त्याला डिलिव्हरीसारखा दाब द्या. नाकावर मास्क बसवून यंत्र सौम्य दाबाने हवा सोडत राहते आणि घसा फुगून उघडा राहतो. यात प्राणवायूचा सिलिंडर नसतो, खोलीतलीच हवा असते. सवय लागत नाही. फक्त रोज लावावे लागते, चष्म्यासारखे. यंत्र काढले की आजार जागेवर.

माझ्या रुग्णांची पहिली शंका विजेची असते. रात्री लाइट गेली तर गुदमरणार नाही का? नाही. मास्कला हवा बाहेर जाण्यासाठी भोके असतात, माणूस जागा होऊन मास्क काढतो. पण घरी इन्व्हर्टर असेल तर यंत्र त्यावर जोडून घ्यावे. जुने यंत्र विकत घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे की जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आतला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या शक्यतेमुळे आपली लाखो यंत्रे परत मागवली होती. स्वस्तात मिळते म्हणून कोणाचे वापरलेले यंत्र आणण्यापूर्वी त्याचे मॉडेल तपासावे.

आणि यंत्राकडून अवास्तव अपेक्षाही नकोत. दिवसाची झोप जाणे, रक्तदाब काहीसा उतरणे, अपघाताचा धोका कमी होणे, एवढे फायदे निश्चित आहेत. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात त्याने टळतोच असे मात्र २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत दिसले नाही. त्या चाचणीत लोक रात्री सरासरी साडेतीन तासही यंत्र लावत नव्हते, हेही खरे. म्हणून रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, अगदी हर्नियाची असली, तरी आपल्याला हा आजार आहे हे भूलतज्ज्ञांना आधी सांगायचे आणि यंत्र इस्पितळात बरोबर न्यायचे.

आमच्या ट्रॅक्टरवाल्या गृहस्थांनी आधी पंधरा दिवस यंत्र भाड्याने आणले. पहिल्या तीन रात्री मास्क फेकून दिला. चौथ्या रात्री पत्नीने बांधून दिला आणि सकाळी सात वाजता त्यांना हलवून उठवावे लागले. मग एक गाय विकून यंत्र घेतले. तो हंगाम त्यांनी ट्रॅक्टर धाकट्या भावाच्या हाती दिला, माझ्या सांगण्यावरून. पुढच्या हंगामात दिवसाच्या खेपा सुरू केल्या, रात्रीच्या नाहीत. तीन गोळ्यांच्या दोन झाल्या. वजन मात्र दोन किलोच उतरले आहे, त्यावरून आमचे अजून वाद होतात.

गेल्या महिन्यात रक्तदाब पुन्हा १५८ निघाला. विचारले तर म्हणाले, ‘‘मास्कचं रबर फाटलंय, आठ दिवस झाले लावला न्हाई.’’ पत्नी बाहेर बाकावर बसल्या होत्या. आत बोलावून विचारले, तर रात्रीचे हलवणे पुन्हा सुरू झाले होते. नवा मास्क मागवला आहे. तो येईपर्यंत ट्रॅक्टरची किल्ली त्यांच्याकडेच ठेवायला सांगितली आहे.